डबा, शिवण आणि झेंडू

मी एक जुना डबा आहे.

थांबा. लगेच भाजी-पोळी डोळ्यांपुढे आणू नका. माझ्यात आजवर कुणी घासभर अन्न ठेवलेले नाही. मी छोट्या टेम्पोपेक्षा लांब आहे आणि तुमच्यातला एखादा बारीक मुलगा माझ्या या टोकातून शिरून त्या टोकातून सहज बाहेर पडेल. माझ्या पोटात एक क्षेपणास्त्र राहायचे.

आता कसे सगळे नीट बसलात.

मित्रांनो, वस्तूने आपली कहाणी जन्मापासून सांगायची, असा एक रिवाज आहे. छत्री तशी सांगते, फाटके पुस्तक तशी सांगते. माझी अडचण वेगळी आहे. मला दोन तोंडे आहेत, एक पुढे आणि एक मागे. दोन्हींना झाकणे होती. त्यामुळे माझी गोष्ट दोन्हीकडून उघडते. मी मागून सुरू करतो, कारण सगळा घोळ मागे झाला.

मागचे झाकण

माझा जन्म नाशिकच्या अंबडमधला. तिथल्या एका गाळ्यात ॲल्युमिनियमचा मोठा पत्रा रोलरमधून काढून गोल वळवला. पत्र्याच्या दोन कडा समोरासमोर आल्या आणि भांडण झालेल्या भावांसारख्या एकमेकींकडे पाहत थांबल्या. त्यांना जोडायचे होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुईच्या अग्राएवढीही फट न ठेवता.

हे काम दीपमालाकडे आले.

दीपमाला मखमलाबादच्या शेतकरी घरातली सून. सासरी झेंडू, शेवंती आणि कोबी. तिने आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून घेतले होते आणि बरीच वर्षे ती याच गाळ्यात विंचूरच्या वाइन कारखान्यांसाठी स्टीलच्या टाक्या जोडत होती. बाकीचे लोक जोडाला 'वेल्ड' म्हणत. ती 'शिवण' म्हणे. तिची शिवण जवळून पाहिली तर माशाच्या खवल्यांसारखी दिसे. एकावर एक, सारख्या मापाची, शेवटपर्यंत.

गाळ्याचे फोरमन कारभारीआप्पा. त्यांना दीपमालाचे काम आवडायचे, पण माझ्या बाबतीत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"टाकी गळाली तर वाइन जाते," ते म्हणाले. "हा गळाला तर काय जातं, ठाऊक हाय?"

"काय?"

"आपण जातो. तू बी आणि मी बी."

"मग तुम्ही चहा घेऊन जरा लांब बसा, आप्पा. वेल्डिंग चालू असताना मला गप्पा चालत नाहीत."

आप्पा लांब बसले. पण तिथूनही बघत राहिले.

त्यांची काळजी खोटी नव्हती. गाळ्याच्या मालकांनी आधीच सांगून ठेवले होते की हा पहिला डबा परीक्षेचा आहे. दीपमालाची शिवण पास झाली तर पुढचे सगळे डबे तीच जोडेल. नापास झाली तर पुण्याहून दुसरा वेल्डर येईल आणि दीपमाला परत टाक्यांवर जाईल. टाक्या काही वाईट नव्हत्या. पण ज्या दिवशी तिने माझा पत्रा पहिल्यांदा हाताने चाचपला, त्या दिवसापासून तिला दुसरे काही नको होते. हे तिने कुणाला सांगितले नाही. मला कळले, कारण हात माझ्यावर होता.

आता तुम्ही विचाराल, डबा गळाला तर एवढे काय बिघडते?

माझ्यात राहणारा पाहुणा कित्येक वर्षे काहीच करत नाही. नुसता तयार राहतो. त्याच्या पोटात घन इंधन असते, नाकात नाजूक यंत्रे असतात, आणि या सगळ्यांचा एक शत्रू असतो: दमट हवा. तुमच्या घरी बिस्किटांच्या डब्याचे झाकण अर्धवट राहिले तर पावसाळ्यात काय होते, आठवा. म्हणून माझ्यातली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरतात. तोही बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाने, म्हणजे चुकून बारीक भोक पडलेच तर आतला वायू बाहेर जाईल, बाहेरची ओल आत येणार नाही.

तर शिवण पूर्ण झाली. तिच्या बाजूला दीपमालाने स्वतःचा छोटा ठसा ठोकला, कारण हा जोड कुणाचा, हे डब्यावर दिसावे लागते. पुढचे झाकण लागले. मागचे लागायचे होते.

आणि मध्ये खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या अंबडमध्ये यंत्रांना सुट्टी असते. त्या दिवशी त्यांचा मान. लेथ मशीन धुऊन पुसून उभे, ड्रिलला हळदकुंकू, ग्राइंडरपुढे नारळ. दीपमालाच्या सासूबाई, रंगूबाई, सकाळी टेम्पोभर झेंडू घेऊन नाक्यावर विकायला बसल्या होत्या. सगळ्यात जाड माळ त्यांनी बाजूला ठेवली होती. ती घेऊन त्या गाळ्यात आल्या आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतले.

"हाच का तुझा डबा? लय लांब हाय गं. रात्री जेवताना नुसतं ह्याचंच चालतंय हिचं," त्या आप्पांना म्हणाल्या. "माझ्या पोरानं एकदा विचारलं, तुझं लग्न कुणाशी झालंय म्हणून."

"आई," दीपमाला म्हणाली.

"खोटं हाय का?"

आप्पांनी माळ हातात घेतली. दीपमाला म्हणाली, "याला नको, आप्पा. याचं तोंड उघडं आहे."

"का नको? लेथला माळ, ड्रिलला माळ, आणि ज्याच्यावर आपलं पोट हाय तो बोडका? बरं दिसतं का?"

आणि आप्पांनी ती माळ माझ्या मागच्या तोंडाला घातली. खरे सांगतो, मित्रांनो, मी फार सुखावलो. पिवळा, केशरी, ओला, कडवट वास. माझ्या आयुष्यातला पहिला दागिना.

संध्याकाळी आप्पांनी माळ काढली. काढताना ती कडेला घासली. माझ्या तोंडाच्या कडेला गोल खाच आहे. त्या खाचेत काळी रबरी ओ-रिंग बसते आणि ती नीट बसावी म्हणून खाचेला ग्रीस लावलेले असते.

झेंडूची एक पाकळी ग्रीसला चिकटली.

दसऱ्यानंतर आप्पांनी स्वतः ओ-रिंग बसवली, झाकण चढवले, बोल्ट आवळले.

मित्रांनो, आता तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. त्या गाळ्यात तिसऱ्या कुणाला माहीत नाही. पुढचे वाचताना माझी तळमळ समजून घ्या. दोन तोंडे असूनही मला बोलता येत नाही.

तपासणीला मनीषा मॅडम आल्या. त्या संरक्षण खात्याकडून आल्या होत्या. त्यांच्यापुढे माझ्यात वायू भरला. दाब मोजणाऱ्या गेजची सुई वर चढली आणि थांबली. सगळ्यांनी श्वास सोडला.

मग सुई हळूच खाली सरकली.

दीपमालाने साबणाचा फेस केला आणि शिवणीवर ब्रशने लावत गेली. सायकलची ट्यूब पंक्चर झाली की पाण्यात धरतात ना, तसेच हे. वायू जिथून येईल तिथे बुडबुडा फुगतो. शिवणीवर एकही बुडबुडा आला नाही.

"फेस काही दाखवत नाही," ती म्हणाली.

"लय बारीक फट असली की फेस बी फसतो," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "वेल्ड उघडावा लागंल. खरवडू आणि परत मारू."

"झाकण पाहिलंत?" मनीषा मॅडमनी विचारले.

"झाकण मी बसवलंय, मॅडम. जन्मभर झाकणंच बसवतोय."

(पाकळी! आप्पा, पाकळी!)

माझी मागची बाजू भिंतीकडे होती. तिथे ब्रश नेणे अवघड होते. आणि आप्पांच्या हातच्या झाकणावर कुणी शंका घेत नसे. ग्राइंडरची वायर जोडली गेली. एकदा शिवण खरवडली की पत्रा तापतो, वाकतो. मग मी गोल राहणार नव्हतो आणि दीपमालाही या कामावर राहणार नव्हती.

"जेवून घ्या," मनीषा मॅडम म्हणाल्या. "मग लावा ग्राइंडर."

जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रे बंद झाली. दीपमालाने डबा घेतला, म्हणजे जेवणाचा, आणि कुणाशी बोलावे लागू नये म्हणून ती भिंत आणि मी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत येऊन बसली. माझ्या मागच्या तोंडाला पाठ टेकून. डबा उघडला, पण खाल्ले नाही.

मला एकच गोष्ट करता येत होती. मी ती केली. जेवढा दाब माझ्यात होता तेवढा लावून मी त्या पाकळीवरून फुंकर घातली.

थोड्या वेळाने मनीषा मॅडम डोकावल्या. "जेवत का नाही?"

"मॅडम, तुम्हाला वास येतोय?"

"कसला? भेंडीचा?"

"नाही. बाजारात माल राहिला की दुसऱ्या दिवशी पोतं उघडल्यावर येतो तो. बसलेल्या झेंडूचा."

"सगळ्या अंबडमध्ये झेंडू आहे आत्ता."

"गाळा झाडून धुतलाय. आणि हा वास ताज्याचा नाही, मॅडम. आमच्या घरी या वासाला माल गेला म्हणतात."

ती उठली. खरबूज घेताना बायका जसे हुंगतात तशी ती माझ्या झाकणाच्या कडेने नाक फिरवत गेली. एका जागी थांबली. मागे गेली. परत तिथेच आली.

"इथं."

मॅडमनी स्वतः फेसाचा ब्रश आणला. लावला. एक बुडबुडा आला, फुगला, थरथरला आणि फुटला. त्यामागून दुसरा. आयुष्यात मी काढलेले तेवढेच शब्द, पण ते नेमके कानी पडले.

बोल्ट सैल झाले. झाकण उतरले. मनीषा मॅडमनी चिमट्याने एक तपकिरी, चपटी, ग्रीसने माखलेली पाकळी उचलून उजेडात धरली. सगळा गाळा गोळा झाला होता.

"रबर फाटलेलं पाहिलंय मी," त्या म्हणाल्या. "वाळू पाहिलीय. एकदा मेलेला डास सापडला होता. झेंडू पहिल्यांदा. कुणी घातला?"

"आणला सासूबाईंनी," दीपमाला म्हणाली. "घातला आप्पांनी."

आप्पा टोपी काढून डोके खाजवू लागले. "मान म्हणून घातला, मॅडम."

"मग रिपोर्टात गळतीचं कारण काय लिहू?"

"मान लिहा," दीपमाला म्हणाली.

मॅडम हसल्या, मग आप्पा हसले, मग सगळा गाळा. खाच पुसली, नवी ओ-रिंग बसली, झाकण लागले. सुई चढली आणि जी थांबली ती थांबलीच. आप्पांनी ग्राइंडरची वायर गुंडाळली आणि कुणी न सांगता तो कपाटात ठेवून दिला. तेव्हापासून त्या गाळ्यात डब्याची माळ वरच्या हुकाला टांगतात, डब्यापासून हातभर दूर.

दीपमाला पास झाली. पण तिच्या मनातला एक खडा निघाला नाही. वायूचा दाब वेगळा आणि पाहुणा आग ओकत निघेल तेव्हाचा दणका वेगळा. तो दणका तिची शिवण सोसेल का? आणि सोसला की नाही, हे अंबडला कोण येऊन सांगणार?

ट्रकमध्ये चढवताना तिने माझ्यावर तळवा ठेवला. "फाटू नकोस," ती हळूच म्हणाली. "आणि काय झालं ते कळव."

कसे कळवणार होतो?

पोट

पाहुणा आला तेव्हा मी थोडा बुजलो. तो गुळगुळीत, टोकदार आणि अबोल होता. माझ्या आतल्या रुळांवरून तो सरकत आला आणि असा बसला की त्याच्या पंखांत आणि माझ्या कडेत बोटभर जागा राहिली.

त्याचे नाव इंटरसेप्टर. म्हणजे वाटेत अडवणारा. कुणी दूरवरून गावावर क्षेपणास्त्र सोडले तर याने वर झेपावून त्याला आकाशातच गाठायचे. तो कुणाच्या घरावर पडण्यासाठी जन्मलेला नाही. येणाऱ्याला रोखण्यासाठी जन्मलेला आहे. मला हे फार आवडले. दाराशी बसणाऱ्याचा डबा होणे, यात कमीपणा कसला?

मला एका मोठ्या ट्रकवर चढवले. शेजारी माझ्यासारखेच आणखी डबे. वेळ आली की ट्रक आम्हाला उचलून आकाशाकडे तोंड करून उभे करी. पण आम्ही एकटे नव्हतो. लग्नात नवरदेव एकच असतो, पण वऱ्हाड नसेल तर लग्न लागत नाही. आमच्या वऱ्हाडात एक रडारची गाडी होती. एक नियंत्रणाची गाडी, जिच्यात पडद्यांपुढे माणसे बसत. एक क्रेनची गाडी, रिकामा डबा उतरवून भरलेला चढवायला. आणि एक जनरेटर, जो दिवसभर कुरकुरत असे आणि ज्याच्याशिवाय कुणाचेच पान हलत नसे.

माझ्या कुशीतून एक जाड केबल आत जायची. तिला सगळे नाळ म्हणत. पाहुण्याला वीज तिच्यातून मिळे आणि बातम्याही. मी त्या बातम्या चोरून ऐकायचो. त्यामुळे मला थोडे शहाणपण आले, ते तुम्हाला देतो.

पांडवलेणीच्या डोंगराखाली हाक मारली की ती आपटून परत येते. रडार तशीच हाक मारते, पण रेडिओ लहरींची. लहर आकाशातल्या वस्तूवर आपटून परत आली की किती दूर, कोणत्या दिशेला, हे कळते. पुन्हा पुन्हा हाक मारली की वस्तू कुठून कुठे निघाली, किती वेगाने, हेही कळते. नियंत्रणाच्या गाडीतले संगणक त्यावरून तिची पुढची वाट आखतात. ही चेंडूसारखी वळत येणार, अमुक वेळी तमुक ठिकाणी असणार.

आणि पाहुण्याला पाठवतात ते त्या ठिकाणी. वस्तू आत्ता जिथे आहे तिथे नव्हे.

हे कळायला मला दीपमालाची आठवण उपयोगी पडली. त्यांच्या शेतात कोबी भरताना टेम्पो हळूहळू पुढे सरकत असतो. खालचा माणूस गड्डा फेकतो आणि टेम्पोतला झेलतो. फेकणाऱ्याने झेलणारा आत्ता कुठे आहे ते बघायचे नसते, तो कुठे पोचणार ते बघायचे असते. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात दीपमालाने हे ओळखले नव्हते. तिचा गड्डा मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या मांडीत पडला, आणि तो माणूस म्हणे कोबी घेऊन निघून गेला. ही गोष्ट ती जेवताना नेहमी सांगायची.

फरक इतकाच की फेकलेल्या कोबीला वाटेत काही सांगता येत नाही. पाहुण्याला येते. तो वर जात असताना रडार बघतच असते आणि खालून निरोप जात राहतात: थोडा डावीकडे, थोडा वर. शेवटी तो अगदी जवळ पोचला की त्याच्या नाकातला स्वतःचा डोळा उघडतो. मग त्याला कुणी सांगावे लागत नाही. तो स्वतः बघतो, स्वतः वळतो आणि धडकतो.

हे सगळे काही क्षणांत. आणि त्या क्षणांसाठी आम्ही वर्षानुवर्षे उभे.

मोठे साहेब आले की विचारायचे, "आत काय आहे?" सगळे बोट दाखवत आत. मला कुणी विचारले नाही की बाबा, तू कोण. खोटे कशाला बोलू, थोडे वाईट वाटायचे.

फक्त एक माणूस वेगळा होता. सुभेदार सावळीराम, नांदगावचे. माझ्या कुशीत एक छोटी काच आहे. आत कोरडे असेल तर काचेमागचा ठिपका निळा दिसतो, ओल शिरली तर गुलाबी. सावळीराम रोज सकाळी येऊन त्या काचेत बघत.

"काय रं डब्या, निळा हायेस ना?"

मी निळा असायचो.

"असाच राहा. गुलाबी झालास तर माझ्याशी गाठ हाय."

एकदा त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, डब्याशी काय बोलता? तो ऐकतो का?"

"तू रोज बायकोला फोनवर सांगतोस, मला जेवणात मीठ कमी लागतं. ती ऐकती का?"

"नाही."

"मग मला कशाला विचारतोस?"

बोलता बोलता सावळीराम शिवणीवरून बोट फिरवत आणि तिथल्या ठशाशी थांबत. "कुणाचा हात असंल हा," ते म्हणत. "लय देखणा हाय."

मला नाव माहीत होते. अंबड, दीपमाला, मखमलाबाद. सगळा पत्ता तोंडावर होता, आणि दोन्ही तोंडांना झाकणे.

पुढचे झाकण

पुढचे झाकण मुद्दाम नाजूक करतात. ते फुटण्यासाठीच असते.

ती एक चाचणी होती. समुद्रकिनारा, लख्ख सकाळ. खूप लांबून एक सरावाचे लक्ष्य सोडणार होते, आतून मोकळे, कुणाला इजा न करणारे. आमच्या पाहुण्याने ते वर गाठायचे. ट्रकने मला उचलून उभे केले. पुढचे तोंड आकाशाकडे, मागचे खाली.

सावळीराम शेवटचे काचेत बघून गेले. "निळा," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग सगळी माणसे लांब गेली.

नाळेतून बातमी आली: दिसले.

मग: वाट आखली.

मग पाहुण्यात वीज शिरली. इतकी वर्षे अबोल असलेला तो आतल्या आत गुणगुणू लागला. मला वाटले, तो मला काहीतरी म्हणतोय. काय म्हणाला असेल ते मी ठरवून टाकले आहे. येतो.

नाळ तुटली.

मागचे झाकण आगीने उडाले. पुढचे फुटले. जगातली सगळी आग माझ्या अंगातून गेली आणि मी फक्त एका गोष्टीचा विचार केला. शिवण. शिवण. शिवण.

आणि मग

 

 

 

मित्रांनो, इथे मी जागा रिकामी सोडली आहे. छापणाऱ्याची चूक नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग आकाशात घडला आणि तो मी पाहिलेला नाही. मी डबा आहे. पाहुणा गेल्यावर डब्याच्या आत असेच असते.

मी एवढेच सांगू शकतो की वर पांढरी रेघ गेली. ती एका जागी किंचित वाकली. सगळा किनारा माना वर करून उभा होता. जनरेटरसुद्धा हळू कुरकुरला. मग नियंत्रणाच्या गाडीतून आवाज आला, "लागला," आणि माणसे अशी नाचू लागली की ड्रायव्हरची टोपी समुद्रात गेली.

सावळीराम नाचत नाचतच माझ्याकडे आले. मी काळा झालो होतो, धुरकट वास मारत होतो. त्यांनी थोडे थांबून, मी निवल्यावर, बाहेरून हात फिरवला. ठशापासून वर, ठशापासून खाली.

"शिवण केसभर हलली नाय रं, डब्या," ते म्हणाले.

हे वाक्य कुणीतरी अंबडला पोचवायला हवे होते. पण ते काम कुणाच्याच वाट्याचे नव्हते. शेवटी माझे मलाच जावे लागले.

झाकण नाही

चाचणीनंतर माझी तपासणी झाली. कामाचे सगळे भाग काढून घेतले. उरलेले कवच नाशिकच्या एका वेल्डिंग शिकवणाऱ्या कार्यशाळेला द्यायचे ठरले, म्हणजे मुलांना खाच कशी असते, रूळ कसे असतात, जोड कसा असावा, हे आतून बघता येईल. पण आतून दिसण्यासाठी मला आधी लांबीत कापणे भाग होते. आणि कापण्याचे काम गेले माझ्याच गाळ्याकडे.

ट्रक अंबडला वळला तेव्हा मला वासावरून कळले. तापलेले लोखंड, यंत्रे गार ठेवणारे कूलंट, नाक्यावरचा चहा.

दीपमाला एका नव्या डब्याजवळ उभी होती. तिच्या हाताखाली आता दोन मुली शिकत होत्या. तिने माझ्याकडे पाहिले, दुसरीकडे पाहिले, आणि परत माझ्याकडे. मग चालत आली. काजळी अंगठ्याने पुसली. खाली तिचा ठसा होता.

हातातला टॉर्च लावून ती माझ्या आत शिरली, हो, पूर्ण आत, आणि शिवण आतून बघत या टोकापासून त्या टोकाला निघाली. बाहेर आली तेव्हा तिचे कपडे, नाक, कपाळ सगळे काळे होते.

"फाटला नाहीस," ती म्हणाली. मला.

कारभारीआप्पांना आता चष्मा लागला होता. "मी तेव्हाच म्हणलो नव्हतो का, वेल्डमधी काय दोष नाय म्हणून?"

"तुम्ही ग्राइंडर लावायला निघाला होता, आप्पा."

"लावला का? नाय ना? उगंच हातात घेतला होता, धूळ झटकायला."

दीपमाला इतकी हसली की त्या दोघी मुली काम सोडून बघायला आल्या. हसता हसता तिने डोळे पुसले आणि काजळी आणखी पसरली.

मग आप्पांनी खडू घेतला. "शिवणीवरूनच कापू. सरळ रेघ आयतीच हाय. फार विचार करायला नको."

"नाही," दीपमाला म्हणाली. "उलटा करा त्याला. पलीकडून कापायचं."

"पलीकडं रेघ आखावी लागंल. दोरा लावा, मापं घ्या..."

"मी आखते."

तिने दोरा लावून रेघ आखली आणि मला स्वतःच कापले. अगदी पाठीवरून, शिवणीच्या बरोबर समोरून. दुखले नाही. जिने जोडले तिनेच उघडले तर कसले दुखते?

आता मी त्या कार्यशाळेत, कापलेल्या कडा दोन्हीकडे फाकवून, वरून उघडा पडलेला असतो, होडीसारखा. मुले माझ्यात हात घालतात, शिवणीवर बोट फिरवतात आणि विचारतात, ही कुणी केली? शिकवणारे सर नाव सांगतात. गेल्या महिन्यात दीपमाला स्वतः शिकवायला आली होती. माझ्यातला पाहुणा काय करायचा हे सांगायला पांढऱ्या फळ्यावर तिने पहिले चित्र कोबीच्या टेम्पोचे काढले.

आणि परवा खंडेनवमी झाली. रंगूबाई टोपली घेऊन आल्या. आता त्यांची चाल जरा सावकाश झाली आहे. त्या दारातच थांबल्या.

"मी इथूनच नमस्कार करते बाई. मागं माझ्या एका फुलानं सुनेचं काम जायची वेळ आली व्हती."

"या आत, आई," दीपमाला म्हणाली. "आता याला झाकणच नाही. कुठं अडकायची भीती नाही. घाला हवं तिथं."

"नक्की ना? तुझ्या त्या मॅडमला इचारलंस का?"

"मॅडमनीच सांगितलंय, त्यांच्या वाटची एक माळ घाला म्हणून."

मित्रांनो, डब्यांना मागणे मागायची सवय नसते, पण मी एक मागतो. जी वस्तू तुम्हाला फार आवडते तिला नटवा, गोंजारा, माळ घाला. पण झाकण लावायच्या आधी एकदा खाचेतून बोट फिरवा. आणि कुठला जोड कच्चा निघाला असे वाटले, तर ग्राइंडर उचलण्याआधी थोडे जवळ जाऊन हुंगा. जोडणाऱ्याचा हात बऱ्याचदा बरोबर असतो. चुकलेली असते ती कुठली तरी पाकळी.

रंगूबाईंनी एक माळ उचलली, माझ्याकडे पाहिले, परत टोपलीत ठेवली. मग पदर खोचला, टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि सगळीच्या सगळी माझ्यात ओतली.

पिवळा, केशरी, ओला, कडवट वास. टोकापासून टोकापर्यंत. शिवणीवर सगळीकडे झेंडूच झेंडू, आणि मी कुठेही गळत नव्हतो.